रडकी

तळमजल्यावरच्या आमच्या भिंतीला
दर वर्षी लोणा लागतो.
पलंगामागे, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत
रंग फुगतो, पापुद्रे सुटतात,
केरसुणीला पांढरी पूड लागते.
तीन कारागीर येऊन गेले.
पहिल्याने नळाला दोष दिला, दुसऱ्याने बिल्डरला,
तिसऱ्याने पाच वर्षांची हमी लिहून दिली
आणि फोन नंबर बदलला.

कचेरीत मी गेले ती वेगळ्याच कामाला.
सोसायटीला जमिनीचा जुना उतारा हवा होता
आणि सभेत नेमकी मी गप्प बसले होते.
ठाण्याला, दुसरा मजला, अभिलेख कक्ष.
वाघमोडे बाईंनी लाल फडक्याचं गाठोडं सोडलं.
दोघी शिंकलो.
सेक्टर-बिक्टर इथं नसतं हो, त्या म्हणाल्या,
गावाचं नाव सांगा.

घणसोली.
तेवढं मला येत होतं.

पान बोटाला तुटत होतं, म्हणून बाईंनी वाचलं:
हशा बिन पोशा म्हात्रे.
त्याच्यामागे नामी कोम हशा.
खार जमीन, तिसरी प्रत, एक एकर नऊ गुंठे.
आकार दोन रुपये अकरा आणे.
पीक राता भात.
शेजारची शेतं पाचकुडवी, लांबटी, उघाडीकडली,
आणि या शेताच्या नावापुढे,
शाई पसरलेली: रडकी.

खाली बारीक अक्षरात एक नोंद होती.
बांध फुटून भरतीचे पाणी आत.
तीन साल पीक नाही.
सारा माफीचा अर्ज. नामंजूर.
अंगठा नामीचा, डाव्या हाताचा,
मधोमध एक आडवी रेघ,
विळ्याची असावी.

घरी येऊन जुन्या नकाशावर नवा ठेवला,
खिडकीच्या काचेला टेकवून, उजेडात.
उघाडी आली पेट्रोलपंपाखाली.
बांधावर रिक्षांची रांग.
आणि रडकीच्या खालच्या कोपऱ्यात,
जिथे पाणी सगळ्यांत शेवटी ओसरत असणार,
माझा पलंग.

म्हात्र्यांचं घर शोधायला चार रविवार गेले.
गावठाणात म्हात्रे विचारणं म्हणजे
भातात तांदूळ विचारणं.
निघाला तो पद्माकर, पाणी गाळायची मशीन
दुरुस्त करणारा.
आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता,
क्षार फार आहेत मॅडम, म्हणाला होता.

हशा? पणजा असेल, त्याला नक्की नव्हतं.
रडकी?
नाही ऐकलं. जमिनी होत्या म्हणतात,
मी जन्मलो तेव्हा गटारांची कामं चालू होती.
मग पायरीवर बसून त्याने तो शब्द
घरच्या जिभेवर घेतला, ड चा र करून.
ररकी.
आणि उठून उभा राहिला.

आमची आई म्हणायची, धाकटीने भोकाड पसरलं की,
ररू नको, नायतं ररकीन नेऊन टाकीन तुना.
मला वाटायचं ते भूत आहे.
संडासला जाताना मी त्या बाजूला बघायचो नाही.
शेत होतं होय ते?

झेरॉक्सवरचा अंगठा त्याने स्वतःच्या अंगठ्याशेजारी धरला,
काही न बोलता खिशात ठेवला,
आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता आला.
पलंग आम्ही दोघांनी सरकवला.
त्याने भिंतीची चिमूटभर पूड खरवडली,
आमच्याच मशीनच्या गोड पाण्यात ढवळली,
पिशवीतून मीटर काढून पेल्यात बुडवला.

आकडे चढू लागले.
तो गुडघ्यांवर बसून पाहत होता, मी वाकून,
चारशे, नऊशे, आणखी वर,
कुठे थांबतात ते कळायच्या आत
त्याचा फोन वाजला:
सेक्टर सातमध्ये कुणाचं तरी मशीन
सकाळपासून गळत होतं.